चाकणचा चा

आमच्या आणि चतुराबाईच्या खोलीच्या मधे भिंत होती ती पत्र्याची. पत्रा पाऊस अडवतो, बोलणं अडवत नाही. म्हणून काळेवाडीत त्या सकाळी चतुराबाई आणि तिचा नवरा ज्योतीराम यांचं जे भांडण झालं, ते मी भाकरी थापता थापता सगळं ऐकलं. मुद्दाम कान देऊन ऐकलं असं म्हणणार नाही, पण भाकरी करपली एवढं खरं.

भांडण मुराळ्यावरून होतं. त्यांची एकुलती एक लेक नीला चाकणला दिलेली, आणि तिला सातवा महिना लागला होता. पहिलं बाळंतपण माहेरी. पण माहेरचं कुणीतरी मुराळी म्हणून न्यायला आल्याशिवाय सासरचे पाठवत नाहीत, आणि आठवा लागला की प्रवास नको म्हणतात. घरात मुलगा नाही, म्हणजे मुराळी व्हायचं बापानं. आणि बापानं शपथ घेतलेली. नीलाच्या लग्नात व्याहीभेटीच्या वेळी सगळ्यांना टॉवेल-टोपी मिळाली, ज्योतीरामभावजींची पाळी आली तेव्हा टोप्या संपल्या. नुसता टॉवेल हातात आला. तेव्हापासून चाकणच्या शिवेत पाय ठेवायचा नाही, हे त्यांचं ठरलेलं.

चतुराबाई म्हणाली, मग म्या जाते.

"कालच गेलीस की," भावजी म्हणाले. "निघालीस चाकणला आणि पोचलीस आळंदीला. वर परसाद घेऊन आलीस."

"तुमी खाल्लाव की त्यो परसाद."

"देवाचा व्हता म्हणून खाल्ला. पाटी वाचाया शिक आधी, मग हो मुराळी."

यावर पत्र्यापलीकडून तांब्या जोरात ठेवल्याचा आवाज आला, आणि भांडण मिटलं की संपलं ते मला कळलं नाही.

आळंदीचं झालं होतं ते असं. भोसरीच्या थांब्यावर आळंदीच्या आणि चाकणच्या दोन्ही गाड्या यायच्या. चतुराबाईनं कुणाकडून तरी ऐकून ठेवलं होतं की चाकणच्या पाटीवर तीन अक्षरं असतात. तीन अक्षरांची गाडी आली. तरी तिनं शेजारच्या फेटेवाल्याला विचारलं. तो पाटीकडे मान वर करून बघून मोठ्या विश्वासानं व्हय म्हणाला. त्यालाही वाचता येत नव्हतं, हे तेवढं सांगायचं त्यानं टाळलं. आळंदीचीही तीनच अक्षरं. इंद्रायणीचं पाणी दिसलं तेव्हा बाईला कळलं. तेव्हाच तिनं मनाशी गाठ मारली, परत कुणाला विचारायचं नाही.

ही दोघं लातूरकडची. बासष्ट साली पिंपरीला आली तेव्हा इकडे कारखान्यांपेक्षा ज्वारी जास्त होती. भावजी एका कंपनीत भट्टीच्या कामाला लागले. चतुराबाईनं आधी त्याच कंपनीच्या कुंपणाची खडी फोडली, मग कुंपण उभं राहिल्यावर आतल्या ऑफिसात झाडू मारायला लागली. नदी ओलांडून सकाळी जायची, भोंगा झाला की परत. बोलायची कमी, पण रांगोळी तिच्या हातची बघावी. चिमटीतून पीठ सुटावं तशी रेघ सुटायची. दिवाळीत आम्ही बायका तिला आपापल्या दारात बोलवायचो, आणि ती एकसारखी चार दारं सजवून मग स्वतःच्या दारात बसायची.

पुढं कंपनीत कंपुटर आला. त्याची खोली झाडायचं काम चतुराबाईकडे. त्या खोलीबाहेर साहेबसुद्धा चपला काढून आत जायचे. चतुराबाईला वाटलं देव बसवलाय, म्हणून पहिले काही दिवस ती उंबऱ्याला हात लावून आत जायची. आत वैशाखातही थंडी. ती यायची आणि आम्हाला सांगायची, तेव्हा आम्ही हातातलं काम सोडून ऐकायचो. मोठी मोठी कपाटं, ती आपल्याशीच गुणगुणतात म्हणे. एका पेटीतून कागद निघतो, पांढरा-हिरवा पट्ट्यापट्ट्यांचा, तो तुटतच नाही. घडी पडत पडत खाली बसतो, धुतलेलं धोतर ओढ्याच्या पाण्यात सोडावं तसा. वाया गेलेला कागद ती घरी आणायची. आमच्या गल्लीतल्या सगळ्या फळ्यांवर तो कागद होता. डब्यांखाली कुणाचे तरी हिशेबाचे आकडे, आणि त्यावर आमची डाळ. मला तर पुष्कळदा स्वप्न पडायचं, तो कागद कंपनीतून निघालाय, नदीवरून येतोय, आमच्या दारावरून पुढं चाललाय आणि त्याला शेवटच नाही.

त्या खोलीत काम करणारी एक मुलगी होती, चिंचवडची प्रभावती. ती दर गुरुवारी, म्हणजे कंपनीच्या सुट्टीच्या दिवशी, आमच्याकडे समाजमंदिरात मोठ्या माणसांना वाचायला शिकवायची. वर्ग नीट चालत नव्हता. पुस्तकं लहान मुलांची. भट्टीवर लोखंड ओतणारा माणूस 'बदक' वाचायला लाजतो. किसन म्हणून एक होता, तो तर सरळ म्हणाला की बाई, मला बदकाशी काय करायचंय, मला शिफ्टची नोटीस वाचायचीय.

प्रभावतीला ते लागलं. तिनं साहेबांची परवानगी काढली, आणि जेवणाच्या सुट्टीत कंपुटर मोकळा असतो तेव्हा त्याला कामाला लावलं. त्याला मराठी येत नव्हतं, नुसतं इंग्रजी. पण चांदणी काढता यायची, बारकी, टिकलीएवढी. मग तिनं पुठ्ठ्याच्या पत्त्यांना भोकं पाडून पाडून त्याला शिकवलं, की इथं चांदणी, इथं मोकळं, इथं परत चांदणी. आणि त्यातून हातभर मोठं अक्षर. चतुराबाई झाडू घेऊन तिथंच होती. ती सांगायची, मशीन आधी कडकड वाजलं आणि मग कागदावर चांदण्याच चांदण्या वर आल्या. जवळून काही कळेना. प्रभावतीनं कागद फाडून लांब धरला, तेव्हा त्यात 'शि' उभा.

त्या गुरुवारी समाजमंदिराच्या भिंतीवर किसनचा 'शिफ्ट' लागला. मग प्रभावती एकेकाला विचारू लागली, तुम्हाला काय वाचायचंय. केसरबाईनं रेशनच्या दुकानावरची 'साखर' मागितली. कुणी आपलं गाव मागितलं. पुढच्या गुरुवारी ज्याचा त्याला शब्द मिळायचा, चांदण्यांनी काढलेला, घरी न्यायला. माणसं तो कागद गुंडाळून असे जपून न्यायची की बघणाऱ्याला वाटावं, लग्नाचं वस्त्र चाललंय.

भांडणानंतरच्या गुरुवारी चतुराबाई पहिल्यांदा वर्गाला गेली. रोज ज्या पोरीच्या टेबलाखालचा कचरा काढायची, तिच्यासमोर मांडी घालून बसली. काय वाचायचंय विचारल्यावर म्हणाली, चाकण. आठवा लागायच्या आत.

कागद आला. चतुराबाईनं तो आमच्या ओट्यावर पसरला, कमरेवर हात ठेवून बघितला, आणि तिच्या तोंडावर असं काही आलं की मी विचारलं, काय गं?

"आक्का," ती म्हणाली, "हे तर ठिपके हायत."

मग काय. पेन्सिल तिच्या बोटात विंचवासारखी राहायची, रांगोळी मात्र तिचीच. तिनं कागद उशाशी ठेवला आणि अंगणात ठिपके मांडून अक्षरं जोडायला लागली. पहिलं अक्षर तिला लगेच बसलं, कारण आमच्याकडे चहाला चा म्हणतात. भांड्यात चा, पाटीवर चा. क आणि ण मागून आले. तिचं बघून बाकीच्या बायकाही दारात आपापले शब्द काढू लागल्या. एका दारात साखर, एका दारात सोलापूर. आणि मग नवीनच अडचण झाली. अक्षरावर पाय द्यायचा नाही, हे प्रत्येकाला लहानपणापासून शिकवलेलं. पहिल्या शिफ्टचे पुरुष घरी आले ते गल्लीच्या तोंडाशी उभे राहिले. सायकली डोक्यावर घेऊन, भिंतीला घासत, अंग चोरत कसेबसे आपल्या दारापर्यंत आले. आमचे हे म्हणाले, तुम्ही शिकलात आणि आम्ही बेघर झालो.

तेव्हाच प्रभावतीला बायकांची एक चूक सापडली. रांगोळीत रेघ मोकळी सोडत नाहीत. सुटं टोक राहिलं की ती रांगोळी अर्धवट. म्हणून ह्या सगळ्याजणी प्रत्येक अक्षर कुठंतरी नेऊन बंद करायच्या. 'ट'चा 'ठ' व्हायचा. चतुराबाईनं तर च आणि त्याच्या पुढचा काना खालून एकमेकांना जोडून टाकले होते. प्रभावती तिला परत परत सांगायची की अक्षर मोकळं सोडायचं असतं. चतुराबाई हो म्हणायची, आणि हात काही ऐकायचा नाही.

सातव्यातले शेवटचे दिवस उरले. त्या दुपारी चतुराबाईनं स्वतःचं दार सारवलं आणि उंबऱ्याच्या पुढ्यात ह्या कडेपासून त्या कडेपर्यंत 'चाकण' काढलं. तिनं ते सरावाला काढलं होतं, असंच मी आजही धरते. ती साधी बाई होती. फार साधी होती असंही नाही.

भावजी भट्टीवरून आले, हातात डबा, आणि थांबले. त्यांना थोडं वाचता यायचं, पाट्या वाचण्यापुरतं. त्यांनी वाचलं. चा. क. ण.

आत जायला दुसरं दार नाही. अक्षरावर पाय द्यावा तर विद्येचा अपमान, आणि ह्या अक्षरांवर द्यावा तर शपथही मोडते. ते आमच्या ओट्यावर येऊन बसले. मी पाणी दिलं. उन्हं पिवळी झाली. गल्लीतली माणसं उगाचच येरझारा घालू लागली, रांगोळीची पांढरी अक्षरं तेवढी उजळत होती, जशी आतून कुणी वात मोठी करावी. मला क्षणभर वाटलं की पलीकडे त्यांची खोली नाहीच, खरंच चाकण आहे आणि नीला आत भाकरी करतेय.

"पूस ते," भावजी शेवटी म्हणाले.

चतुराबाई उंबऱ्यात बसली होती. "पुसलं तर म्या इसरंन. उद्या पाटी वाचायची हाय मला."

मग ते उठले, अक्षरांजवळ उकिडवे बसले आणि निरखून बघू लागले.

"हितं चुकलंय. चा असा बंद नसतो."

"मग कसा असतो?"

त्यांनी बोटानं खालची रेघ पुसली. च आणि काना सुटे झाले, मधे पाऊलभर जागा झाली. भावजी त्या जागेकडे बघत राहिले. मग डबा काखेत धरला, च आणि कान्याच्या मधून पाऊल टाकलं, वरची रेघ ओलांडली आणि घरात गेले.

गल्लीत कुणी हसलं नाही. आतून त्यांचा आवाज आला, "चा टाक."

दुसऱ्या दिवशी चतुराबाई एकटी गेली. भोसरीला आधी आळंदीची गाडी आली. कंडक्टर ओळखीचं हसून म्हणाला, या मावशी, आळंदी. चतुराबाईनं पाटीकडे बघितलं आणि म्हणाली, "न्हाई, ह्यात चा न्हाई." मागची गाडी चाकणची होती. व्याह्यांनी बाई मुराळी बघून आधी कुरकुर केली, पण तिनं सांगितलं की बापाची तब्येत बरी नाही, टोपी नसल्यानं डोक्याला वारं लागलं. विहीणबाईंनी निमूट पेटी उघडून टोपी काढून दिली. मायलेकी संध्याकाळी भोसरीला उतरल्या तर थांब्यावर भावजी. पान खायला आलो होतो म्हणाले. काळेवाडीहून भोसरीला, पान खायला.

नीलाला मुलगी झाली. प्रभावतीचं लग्न होऊन ती गेली, वर्ग बंद पडला, चांदण्यांचे कागद डब्यांखाली गेले. पण चतुराबाई वाचतच राहिली. फार नाही, पाट्याच. आणि दर गुरुवारी लेकीकडे चाकणला. भावजीही सणावारी जायचे, ती टोपी घालून.

चतुराबाई गेली त्र्याऐंशी साली, झोपेतच. आदला दिवस गुरुवार होता.

त्या गुरुवारी सकाळी तिनं नेहमीसारखं पत्र्यावर बोट वाजवून विचारलं, "आक्का, कांदे आणू का?" चाकणचा कांदा चांगला, मी हो म्हणाले. मलाही भोसरीला बहिणीकडे जायचं होतं, तेव्हा तिथवर बरोबरच गेलो. पिशवीत नातीसाठी शेवया होत्या. थांब्यावर आळंदीची गाडी आली, ती तिनं जाऊ दिली. मग चाकणची आली. कंडक्टर तिला ओळखायचा, दार धरून उभा राहिला, तरी ती खाली थांबून पाटी पूर्ण वाचेपर्यंत चढली नाही. ओठ हलले, चा, क, ण. मग चढली.

दिवेलागणीच्या आधी परत आली. मी ओट्यावर होते, पदर पसरला. तिनं त्यात कांदे ओतले, दोन टरफलं उडाली ती वेचून घेतली, रिकामी पिशवी दारात झटकली, आणि चा टाकायला आत गेली.