तीन नंबरची कॅसेट

बेळगावातल्या एका लहान दवाखान्यात मी एक्स-रे काढायचो, आणि माझ्यासारखी फिल्म अख्ख्या जिल्ह्यात कुणी काढत नाही, असं माझं मत होतं. हे मत दुसऱ्या कुणाचं असल्याचं कधी कानावर आलं नाही. मोठ्या दवाखान्यांत सगळं कॉम्प्युटरवर गेलं होतं. आमच्याकडं अजून कॅसेट होत्या. कॅसेट म्हणजे पाटीएवढा चपटा डबा. अंधाऱ्या खोलीत तो उघडून आतल्या दोन पांढऱ्या स्क्रीनच्या मध्ये फिल्म ठेवायची आणि खटके लावायचे. कोपऱ्यात शिशाचा नंबर असायचा, तो फिल्मवर उमटायचा. स्क्रीनवर बारीक कचरा राहिला तरी फिल्मवर डाग येतो, म्हणून दर शनिवारी त्या पुसून रजिस्टरमध्ये सही करायची. सही मी न चुकता करायचो.

बाहेरचा तांबडा दिवा लागला की अंधाऱ्या खोलीचं दार उघडायची कुणाची टाप नव्हती. अशी निवांत जागा साऱ्या दवाखान्यात दुसरी नव्हती, त्यामुळं मी चार वाजताचं भडंग तिथंच खायचो. एका हातानं भडंग आणि दुसऱ्या हातानं कॅसेट भरणं, हे कसब मी स्वतःच कमावलं होतं.

त्याच सुमारास आप्पांना खोकला लागला. माझे वडील निपाणीकडचे, उभा जन्म तंबाखूच्या शेतात आणि वखारीत गेलेला. मी त्यांना बसनं बोलावून घेतलं. कमरेवर हात ठेवायला लावून कॅसेटला छाती टेकवली आणि चार माणसांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणालो, "श्वास घ्या. धरा. हलू नका." आप्पा पुतळ्यासारखे उभे राहिले. पोराचं काम बघायला मिळालं म्हणून ते खुशीत होते.

फिल्मवर उजव्या बाजूला, गळ्याच्या हाडाखाली पांढरा डाग होता. मसुराच्या दाण्याएवढा. डॉक्टर म्हणाले, "सीटी करून घेऊ. तंबाखूतला माणूस आहे."

दोन दिवस आप्पा माझ्या घरी होते. जेवण निम्म्यावर आलं होतं. पण गावाकडून फोन आला की सांगायचे, "डाग हाय म्हणं. पोरानंच हुडकला. दुसऱ्या कुणाला दिसला नसता." ते ऐकून मला रडू यायचं आणि, खोटं कशाला सांगू, थोडं बरंही वाटायचं.

तिसऱ्या दिवशी नोकरीच्या तपासणीला एक पैलवान गडी आला. त्याच्याही फिल्मवर गळ्याच्या हाडाखाली मसुराचा दाणा. कोपऱ्यातला नंबर बघितला, तीन. आप्पांची फिल्म काढली, तीन. अंधाऱ्या खोलीत जाऊन कॅसेट उघडली, तर स्क्रीनला कढीपत्त्याचा एक तुकडा चिकटून बसलेला. चांगला तळलेला होता.

डॉक्टरांना सांगितलं. स्वच्छ कॅसेटवर आप्पांची पुन्हा फिल्म घेतली. छाती कोरी निघाली. आता आप्पा शिव्या देतील, निदान हसतील तरी, असं वाटलं होतं. पण भडंगाचं ऐकून ते म्हणाले, "माझं ऱ्हाऊ दे रं. त्या डब्यात आणि किती जणांचे फोटो काढलास?"

हा प्रश्न मला सुचला नव्हता. दोन दिवस मी फक्त माझ्या बापासाठी रडत होतो.

रजिस्टर उघडलं. मागच्या शनिवारची माझी सही झोकदार होती. तीन नंबरवर छातीच्या आणखी दोनच फिल्म होत्या. एक पैलवानाची, ती टेबलावरच होती. दुसरी जवळच्या मच्छे गावातल्या कारखान्यात काम करणाऱ्या एका बाईची. बाहेरच्या डॉक्टरांनी पाठवलं होतं आणि फिल्म ओली असतानाच ती घेऊन गेली होती. आठ दिवस झाले होते.

मी फोन लावला. आप्पा समोर बसून होते, त्यामुळं ठेवून देता येईना. दवाखान्यातून बोलतोय म्हटल्यावर बाई घाईनं म्हणाली, "व्हय, डॉक्टरनी टीबीचा संशय हाय म्हणून सांगितलंय. थुंकी दिलीया तपासायला. पोरीला आईकडं ठेवलंय, तिला लागू ने म्हणून. काय असंल ते सांगा आता."

"आधी पोरीला घरी आणा," मी म्हणालो. मग माझी चूक सांगितली, पहिल्यापासून, काही न लपवता. ती रागावेल म्हणून मी फोन कानाला घट्ट धरून उभा राहिलो.

ती रागावली नाही. एवढंच म्हणाली, "जाताना गळ्यात पडाय लागली वो ती. मी ढकललं तिला."