पाट्यावरचा कापूस

आमच्या ख्रिस्ती मंडळीत लोक साक्ष द्यायला उभे राहतात तेव्हा म्हणतात, "देवाने मला सांगितलं." सहज म्हणतात. जसा काही शेजाऱ्याने कुंपणावरून आवाज दिला. मला देवाने असं सरळ कधी सांगितलं नाही. मी चौथी शिकलेला माणूस. चोपड्याच्या जिनिंगमध्ये कापूस रेटण्यात जन्म गेला. मला वाटायचं, शिकलेल्यांशी तो शब्दांत बोलत असेल, आपल्यासारख्याला खुणेने सांगत असेल. म्हणून मी खुणा मागायचो.

बायकोला त्याचं फार हसू यायचं. एकदा तिच्या माहेरी, धुळ्याला, लग्न होतं. जायचं की नाही हे मी एसटीवर सोडलं. धुळ्याची गाडी आधी आली तर जायचं, जळगावची आधी आली तर घरी परत. ती नवी साडी नेसून स्टँडवर उभी. तिला हे कळलं तेव्हा म्हणाली, "देवले कंट्रोलर बनाई टाका का तुम्ही?" आधी जळगावचीच गाडी आली. ती जागची हलली नाही. ती गाडी निघून गेली, धुळ्याची आली, ती चढली. मागून मीही चढलो.

घरात आम्ही खान्देशीच बोलायचो. इथे सगळ्यांना कळावं म्हणून तिचं बोलणं थोडं सरळ करून लिहितो. सरळ केलं की त्यातली अर्धी धार जाते, पण इलाज नाही.

आमची दोन लेकरं गेली. एक आठ दिवसांचं, दुसरं रडलंच नाही. दुसऱ्याची कबर मी स्वतः खणली, कारण खणणारा तापाने पडला होता. त्यानंतर काही वर्षांनी बायकोची धाकटी बहीण धुळ्याला बाळंतपणात वारली. मुलगी झाली होती. बापाने हात वर केले. बायको मातीला म्हणून गेली आणि येताना जुन्या पातळात गुंडाळून ती पोर घेऊन आली. मांजरीच्या पिलाएवढी. मान धरत नव्हती, नीट रडताही येत नव्हतं, नुसती कुरकुर करायची.

तिसरी कबर खणायची माझ्यात ताकद नव्हती. पण हे मी कोणाजवळ बोललो नाही. बोललो ते असं, "देवाची इच्छा काय आहे ते पाहू. त्याला विचारल्याशिवाय पाऊल टाकायचं नाही." माणूस घाबरला की फार धार्मिक होतो.

बायको म्हणाली, "पोर रडी राह्यनी, तिले दूध पाह्यजे. यामा देवले काय इचारनं शे?"

मी ऐकलं नाही. त्या वेळच्या पाळकांनी नुकताच उपदेश केला होता. शास्त्रात एक माणूस आहे, लढाईला जायला भीत होता. त्याने खळ्यात लोकर ठेवली आणि देवाला म्हणाला, सकाळी लोकर दवाने ओली आणि जमीन कोरडी असली तर मी जाईन. सकाळी त्याने लोकर पिळली तर वाटीभर पाणी निघालं. हे मला फार आवडलं होतं. आमच्याकडे लोकर कुठली? पण कापसाला काय तोटा. मी जिनिंगमधून ओंजळभर कापूस आणला आणि अंगणातल्या पाट्यावर ठेवला. देवाला मोठ्याने सांगितलं, बायकोला ऐकू जाईल असं, "कापूस ओला निघाला आणि पाटा कोरडा, तर पोर आमची. कापूस कोरडा निघाला तर तिला आश्रमात सोडून येईन."

दिवस वैशाखाचे होते. उकाड्याने आम्ही अंगणातच बाजा टाकून झोपायचो. पोर आमच्या दोघांच्या मध्ये.

सकाळी उठून पाहतो तर कापूस चिंब. पाटा खडखडीत कोरडा. मी कापूस पिळला. वाटीभर पाणी निघालं! मी तिथेच मातीत गुडघे टेकले. मग वाटी तशीच हातात घेऊन पाळकांच्या घरी धावलो, चपलाही घातल्या नाहीत. बायकोचं तोंड त्या वेळी कसं होतं ते मी पाहिलं नाही. ती चुलीपाशी दूध कोमट करत बसली होती.

पोर जगली. कशी जगली ते तिच्या मायलाच ठाऊक. कापसाच्या बोळ्याने थेंब थेंब दूध पाजायची, पोटाशी बांधून कामं करायची. माझं म्हणाल तर, महिनाभरात ती माझ्या छातीवर पडल्याशिवाय झोपेना आणि मला तिच्याशिवाय झोप येईना. आम्ही तिच्यापासून काही लपवलं नाही. ती मला आबा म्हणते, बायकोला माय म्हणायची, आणि कापसाची गोष्ट तिला तोंडपाठ होती. आमच्या सगळ्या मंडळीलाच होती. दर वर्षी मी ती साक्ष द्यायचो. बायको बायकांच्या रांगेत खाली मान घालून बसायची. मला वाटायचं, भरून येतंय तिला.

पोर नर्स झाली. धुळ्यालाच नोकरी लागली. लग्न झालं, तिला एक मुलगी झाली. जावई सुरतेला मिलमध्ये आहे, पंधरा दिवसांनी येतो.

गेल्या वर्षी बायको अंथरुणाला खिळली. मी तिला भरवायचो. एक दिवस दुपारी वरणाचं पाणी चमच्याने पाजत होतो तर तिला हसू फुटलं. ठसकाच लागला.

"हसायला काय झालं?"

"त्या कापसाला पाणी मी लावलं होतं."

"कुठल्या कापसाला?"

"पाट्यावरच्या. तुम्ही घोरत होते."

मी चमचा वाटीत ठेवला. ती म्हणाली, "वैशाखात दव पडत नाही, हे जिनिंगवाल्या माणसाला मी सांगायचं? आणि कच्चा कापूस काय लवकर पाणी धरतो? किती दाबला, किती मळला, तेव्हा कुठे भिजला. मग पाटा पदराने पुसून घेतला."

आमच्या जिनिंगच्या फाटकावर वजन वाढवायला पाणी मारलेला कापूस घेऊन कोणी आला तर त्याला तिथूनच परत हाकलत. मी म्हटलं, "म्हणजे पाणी मारलेला माल तू देवाच्या नावाने खपवला?"

"खपला ना?" ती म्हणाली.

मला राग आला. इतकी वर्षं मी उभा राहून साक्ष देत होतो आणि ही खाली मान घालून हसत होती. मी विचारलं, "आणि देवाला? त्याला तरी विचारलं होतं का?"

ती गंभीर झाली. "विचारलं नाही होय? हातात तांब्या घेऊन त्यालाच म्हटलं, पाणी मी ओतते. मला जे दिसतं ते मी करते. हे लेकरू आमच्या घरात तुला नको असलं तर सकाळपर्यंत कापूस वाळवून टाक. वैशाख आहे, तुला काय जड?"

"तांब्याभर पाणी एका रात्रीत कसं वाळेल?"

"का? लोकांना वाट द्यायला त्याने समुद्र वाळवला."

संध्याकाळपर्यंत फुगून बसलो. मग चहा केला, तिला बशीत दिला. तिने एक घोट घेतला आणि म्हणाली, "साखर किती टाकली! राग गेला वाटतं." 

ती गेली. त्याबद्दल मला फार लिहिता येत नाही. आमच्या त्या दोन लहान कबरींच्या शेजारी तिला जागा मिळाली, एवढं बरं झालं.

मातीच्या दिवशीच पोर म्हणाली, "आबा, माझ्याकडे चला." मी म्हटलं, "पाहू. देवाची काय इच्छा आहे ते कळू दे." मग रोज संध्याकाळी तिचा फोन. रोज माझं तेच उत्तर. तिची मुलगी शाळेतून दुपारी घरी येते तेव्हा घराला कुलूप असतं. शेजारीण कामावरून येईपर्यंत ती जिन्यात दप्तर मांडीवर घेऊन बसते. पोर एकदा हे फोनवर बोलून गेली आणि लगेच विषय बदलला.

मी प्रार्थना करत नव्हतो असं नाही. रोज कबरस्तानात जायचो, बायकोच्या कबरीपाशी बसायचो, तिथेच प्रार्थना करायचो. "देवा, तुझी इच्छा दाखव." आताचे पाळक तरुण आहेत, त्यांना विचारलं. ते म्हणाले, "आबा, थांबून ऐका." मी थांबलोच होतो. थांबण्यात मला कोणी हरवणार नाही.

शेवटी या पौषात मी परत ओंजळभर कापूस आणला आणि त्याच पाट्यावर ठेवला. कापूस ओला निघाला तर धुळ्याला जायचं. शेजारी पिंजाऱ्याचं घर आहे, माझ्याच वयाचा म्हातारा. गाद्या भरणारी त्यांची पिढीजात घरं. तो भिंतीवरून डोकावला. "क्या आबा, एवढ्या कापसात तर मुंगीची गादी होणार नाही."

सकाळी कापूस ओला होता. पाटाही ओला. भिंत ओली, सायकलचं सीट ओलं, पिंजाऱ्याची शेळी ओली. पौषात बठ्ठंच ओलं असतं. मी पाट्याशेजारी उकिडवा बसलो. वैशाखात ठेवला तर कोरडा, पौषात ठेवला तर ओला. हे देवाचं उत्तर नाही, ही हवा आहे. आणि आता रात्री उठून तांब्या घेणारं घरात कोणी नाही. त्या सकाळी ती नाही हे मला जेवढं कळलं, तेवढं मातीच्या दिवशीही कळलं नव्हतं.

तेवढ्यात फाटक वाजलं. रविवार होता. पोर ड्यूटी संपवून पहिल्या गाडीने आली होती, मुलीला शेजारणीकडे ठेवून. तिने आधी पाट्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"आबा, परत?"

मी म्हटलं, "बस. तुला एक सांगायचं आहे." आणि तिच्या मायने सांगितलं होतं ते सगळं तिला सांगितलं. तांब्या, पदर, वाळवून टाक, समुद्र, सगळं. पोर आधी इतकी हसली की पिंजाऱ्याचा म्हातारा पुन्हा भिंतीवर आला. मग हसता हसता थांबली. ओला कापूस हातात घेऊन चुरत बसली.

"आबा, मायने पाणी ओतलं नसतं तर? कोरडा निघाला असता तर?"

तिच्या जन्मापासून हा प्रश्न माझ्या दाराशी उभा होता, मला ठाऊक होतं. मी म्हटलं, "तर दुसऱ्या दिवशी परत ठेवला असता. शास्त्रातल्या माणसानेही लोकर दोनदा ठेवली होती."

"आणि दुसऱ्या दिवशीही कोरडा?"

"तिसऱ्या दिवशी ठेवला असता. वैशाख संपेपर्यंत ठेवला असता. मृग लागला की काय, अंगणात कोरडं काही राहतंय का?"

ती उठली, माझ्या डोक्यावरची टोपी उगाच सरळ केली, आणि नाक ओढून म्हणाली, "मग आता माझ्याकडे यायच्या वेळेला काय झालं तुम्हाला?"

"तुझ्या मायजवळ इथे कोण आहे? कबरीवर रोज पाणी कोण घालील?"

"तिथे काय भाजी लावायची आहे, आबा?"

पोटची नसली तरी जीभ मायचीच उचलली आहे. ती म्हणाली, "माय असती तर माझी मुलगी जिन्यात बसते हे कळल्याच्या दिवशी पिशवी भरून दारात आली असती. तुम्हाला सांगितलं नसतं, विचारलंही नसतं."

हे खरं होतं. आली असती. आणि वाटेत देवाशी बोलत आली असती.

पिंजारी भिंतीवरून म्हणाला, "जा आबा. माझी शेळी तिकडेच चरते. भाभींकडे नजर ठेवीन." मी म्हटलं, "शेळीवर ठेव आधी. कबरीवरची फुलं खाते ती."

सोमवारी सकाळी पोरीबरोबर स्टँडवर गेलो. एक पिशवी, एक वळकटी. या वेळी कुठली गाडी आधी येते ते पाहिलं नाही, धुळ्याची आली तेव्हा चढलो. खिडकीपाशी बसलो आणि मनात बोललो. जन्मभर पुष्कळ प्रार्थना केल्या, ही पहिलीच अशी होती. "देवा, मला लेकरू जिन्यात बसलेलं दिसतंय, म्हणून मी निघालो आहे. तुला नको असलं तर अमळनेरला उतरव."

अमळनेर आलं. गाडी थांबली. लोक चहाला उतरले, ड्रायव्हर उतरला, कंडक्टर उतरला. मी पिशवी मांडीवर घेऊन बसून राहिलो. पोर माझ्या खांद्यावर डोकं टेकून झोपली होती, आठवडाभराच्या ड्यूटीची दमलेली. लहान असताना झोपायची तशीच, तोंड उघडं टाकून. मी हललो नाही.

लोक परत चढले. कंडक्टरने घंटी मारली. मला कोणी उतरवलं नाही.