दारात गिळलेला खोकला

खोकला गिळण्यात माझा हात धरणारा उत्तरेतल्या आमच्या गोमती नगरात कोणी नव्हता. ही विद्या मी साथीच्या दिवसांत कमावली. तेव्हा कोणी दोनदा खोकलं की त्याच्या फाटकाला बांबू बांधले जात. मी बँकेतून निवृत्त झालेला धीट गृहस्थ. लिफ्टमध्ये खोकला आला की त्याचं हसू करून टाकायचो. लोकांना वाटे, मराठी साहेब फार हसमुख आहेत.

साथ ओसरली, विद्या राहिली. म्हणून दिवाळीत सुरू झालेला खोकला जानेवारीचं धुकं पडेपर्यंत मी घरातसुद्धा कुणाला धड ऐकू दिला नाही. इथेच वाढून हिंदीच बोलणारी लेक बाळंतपणाला आलेली, जावई फौजेत, दूर पोस्टिंगवर. पाच महिन्यांची नात रोज दुपारी माझ्या छातीवर झोपायची. खोकला कळला असता तर आधी ते सुख गेलं असतं.

एका सकाळी आरोग्य खात्याची आशा दीदी दारात आली. घरोघर टीबीची तपासणी चालली होती.

“अंकल जी, घर में किसी को दो हफ़्ते से ज़्यादा खाँसी?”

“नहीं जी.” नेमका तेव्हाच खोकला घशात आला. मी हसलो.

“बुख़ार? वज़न कम हुआ?”

मी आणखी हसलो. डोळ्यांतून पाणी यायला लागलं. तिने जरा चमकून बघितलं, वहीत काहीतरी लिहिलं आणि ती जिन्याकडे वळली. दार लावून मी बाथरूमकडे धावलो, पण वाटेत बायको उभी.

“अहो, पँट कमरेवर राहत नाही तुमची, आणि म्हणे ‘नहीं जी’!” तिने दार उघडून जिन्यात हाक मारली, “दीदी, वापस आइए! ये झूठ बोल रहे हैं!”

दीदीने माझ्या हातात झाकणाची डबी ठेवली. उद्या उठल्याबरोबर, छातीतून खोकून. दुसऱ्या दिवशी मी नळ सोडला, शेजाऱ्यांना आवाज जाऊ नये म्हणून तोंडाशी टॉवेल धरला आणि अतिशय सभ्यपणे डबी भरली. दीदीने ती उजेडात धरली.

“अंकल जी, ये तो थूक है. बलगम चाहिए. तहज़ीब से नहीं निकलेगा.”

मग पुढच्या पहाटे सभ्यता सोडून, छातीतला कफ निघेपर्यंत गच्चीवर उभा राहून खोकलो. समोरच्या इमारतीतल्या दोन खिडक्या उघडल्या, एक लगेच बंद झाली.

रिपोर्टला दोन दिवस लागले. मी मास्क लावून मागच्या खोलीत, खिडकी उघडी टाकून थंडीत बसलो. पलीकडे नात शिंकली की उठून उभा राहायचो. एकदा ती खोकली.

“दूध घशाशी आलं असेल,” बायको दाराबाहेरून म्हणाली. तिच्या आवाजावरून तिलाही ते पटलेलं वाटत नव्हतं.

तिसऱ्या दिवशी दीदी स्वतः आली. “टीबी निकला है, अंकल जी. दवा से ठीक हो जाएगा. पर बच्ची को आज ही दिखाइए.”

दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, “खाँसी कब से है?”

‘पंधरा-वीस दिवस’ अगदी ओठांवर आलं होतं. शेजारी लेक बाळाला घेऊन उभी होती.

“दिवाली से,” मी म्हणालो.

लेकीने मान वळवली. “पापा, आप उसको रोज़ छाती पे सुलाते थे.”

मी मास्क नाकावर आणखी वर ओढला.

नातीचा एक्स-रे झाला. इवल्याशा छातीचा तो फोटो डॉक्टर उजेडावर धरून बघत होते, आणि मी त्यांचा चेहरा. छाती साफ होती, वजनही ठीक. तरी आजार होऊ नये म्हणून सहा महिने रोज औषध द्यायचं होतं.

लेक रोज सकाळी गोळी पाण्यात विरघळवून चमच्याने पाजायची. नात तोंड वेडंवाकडं करून रडायची. मी खोलीच्या दारातून बघायचो. माझी औषधं सुरू होऊन काही आठवडे झाल्यावर डॉक्टरांनी मला तिच्याजवळ जायची मोकळीक दिली. मी घरी येऊन मोठ्या उत्साहाने हात पुढे केले.

“थोड़े दिन और, पापा,” लेक म्हणाली आणि तिने बाळाला या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतलं.

मी म्हटलं, “हो, हो. घाई नाही.” आणि हात कुठे ठेवावेत ते न कळून वर्तमानपत्र उचललं.