डॉक्टरबाईंनी टाकून दिलेला शब्द

डॉ. वसुधाबाईंची आणि माझी खरी ओळख भांडणाने झाली. त्यांच्या साठीच्या ग्रंथात हे लिहू का, असं विचारलं तर म्हणाल्या, "खरं ते लिहा." म्हणून लिहिते. माझी शाळा चौथीपर्यंत. चुकलं तर छापणाऱ्यांनी सुधारावं.

माझी बहीण वारली तेव्हा तिची मुलगी माझ्याकडे आली. घरात तिला छकुली म्हणतो, खरं नाव इथे लिहिणार नाही. तिला जन्मापासून एचआयव्ही आहे. तेव्हा औषध पातळ होतं, कडूजहर, आणि गारव्यात ठेवावं लागायचं. आमच्या कोपरखैरण्याच्या खोलीत फ्रिज नव्हता. लेबल खरवडून बाटली शेजारच्या वहिनींच्या फ्रिजमध्ये ठेवायचे, टॉनिक म्हणून.

एक दिवस वहिनी म्हणाल्या, "काय ताई, एवढं जपता, भारी टॉनिक दिसतंय. आमच्या सोन्यालापण चमचाभर देऊन बघते."

तशीच बाटली उचलली आणि दवाखान्यात बाईंच्या टेबलावर आपटली. "हे तुमच्याच घरी ठेवा आणि रोज येऊन पाजा!"

बाईंनी खुर्ची पुढे सरकवली. "बसा. ओरडून झालं की सांगा." त्यांनी सगळं ऐकून घेतलं. छकुलीचं वजन केलं आणि म्हणाल्या, "हिला आता गोळी देता येईल. पाण्यात विरते, फ्रिजची कटकट नाही."

गोळ्या आणायला माझी आई गेली, कारण मी तुर्भ्याच्या मार्केटात कांदा निवडायला जाते. आई साताऱ्याकडची. बाईंनी तिला सांगितलं, "आजी, बाटली आता सोडायची. गोळी पाण्यात सोडायची."

आई घरी येऊन म्हणाली, "सुटलं बग पोरीचं औषध!" मला वाटलं, बाटलीबद्दल बोलते, आणि मी कामावर असताना गोळी तीच देते. काही दिवसांनी गोळ्यांची डबी दिसेना म्हणून विचारलं, तर म्हणते, "डाक्टरीन म्हनली पान्यात सोडा. म्या खाडीत सोडल्या. रोग उतरला, मग उतारा नको का सोडाया?"

इतके दिवस पोरीच्या पोटात औषधाचा थेंब नव्हता. आईला घेऊन दवाखान्यात गेले आणि तिथेच तिला झापायला लागले. बाईंचा आवाज तेव्हा पहिल्यांदा चढलेला ऐकला, तोही माझ्यावर. "आजींना एक शब्द बोलायचा नाही. मी सांगितलं तेच त्यांनी केलं." मग उठून आईला म्हणाल्या, "आजी, चूक माझी." आई म्हणाली, "ऱ्हाऊ दे गं बाय, आता नीट सांग."

बाईंनी वाटी, चमचा, पाणी मागवलं आणि गोळी आईच्या हातून विरघळवून घेतली. औषध त्याच दिवशी सुरू झालं. पण मधल्या खंडाने रोग औषधाला निर्ढावला तर ती गोळी फुकट जाणार होती. पुढचं रक्त तपासेपर्यंत माझ्या घशाखाली घास उतरत नव्हता. रिपोर्ट आला तेव्हा बाईंनी स्वतः फोन केला. "जेवा आता. विषाणू दबलेला आहे."

त्या दिवसापासून त्या दवाखान्यात 'सोडा' हा शब्द बंद. नवे डॉक्टर चुकून बोलले तर बाई टेबलावर बोट आपटतात, "शब्द बदला." आणि वाटी-चमचा हातात घेऊन करून दाखवल्याशिवाय कुणालाही गोळ्या मिळत नाहीत. उशीर होतो म्हणून लोक कुरकुरतात. मीही कुरकुरले आहे. बाई ऐकत नाहीत, आणि ऐकूही नये.

छकुली आता अख्खी गोळी गिळते. "ही गोळी कशाची?" असं तिने विचारलं तेव्हा मी तिला बाईंकडे घेऊन गेले. बाईंनीच तिला जवळ बसवून खरं सांगितलं. ती रडली, मग म्हणाली, "मग माझं लग्न?" बाई म्हणाल्या, "औषध नीट घे. लग्न होईल, बाळही धडधाकट होईल. बारशाला मला बोलव."

बाई, शब्द दिलाय तुम्ही. त्याला अजून पुष्कळ वर्षं आहेत. पोरीला आधी शिकू दे. तोवर गुडघे सांभाळा, वेळेवर जेवा, खूप जगा. पाळण्याची दोरी तुमच्याच हातात द्यायची आहे.