आप्पांची साखर

उजाडून गेलं तरी मला समोरच्या आप्पांच्या हॉटेलाच्या फळ्या लागलेल्याच दिसल्या. दौंडच्या स्टेशन रस्त्यावर आमची दोन हॉटेलं समोरासमोर. आप्पांच्या फळ्या माझ्याआधी निघाल्या नाहीत असा दिवस मला आठवत नाही. थोड्या वेळानं त्यांचा मुलगा नामदेव सांगायला आला... आप्पा झोपेतच गेले होते.

आप्पा मूळचे न्हावऱ्याचे, आम्ही शिरूरच्या मिशनकडचे ख्रिस्ती. मी इथं भट्टी पेटवली त्या दिवसापासून ते मला 'पाहुणं' म्हणायचे. "पाहुणं, किती दिस मुक्काम?" असं भर रस्त्यात विचारायचे. गिऱ्हाईक तेच आणि ओढणारे दोघं! एकमेकांच्या चहाचा घोट आम्ही कधी घेतला नव्हता.

मग फ्ल्यूची साथ आली. कपाला तोंड लावायला लोक भिऊ लागले, रस्त्यावरची सगळी हॉटेलं बंद पडली. त्यातच माझी बायको मार्था तापानं फणफणली. आम्ही हॉटेलामागच्याच खोलीत राहायचो, तिचा खोकला पार रस्त्यावर ऐकू जायचा. देवाच्या दयेनं ती उठली. साथ ओसरली, हॉटेलं उघडली, मीही उघडलं... पण माझ्याकडं काळं कुत्रं फिरकेना. रेल्वेच्या लोको शेडची माणसं पाळी सुटली की मान खाली घालून आप्पांकडं वळायची. रोज दूध आटायचं, रोज ओतून द्यायचं. मार्था म्हणाली, "माझ्यामुळं झालं हे. चला, मोडून टाकू." मोडलं तर आम्हाला दुसरं काही नव्हतं. समोरचे भरलेले बाक बघून माझ्या तळपायाची आग मस्तकाला जायची.

बाजाराच्या दिवशी आप्पा गल्ला सोडून उठले, रस्ता ओलांडून आले आणि थेट माझ्या बाकावर बसले. मेला, भांडी विकत मागायला आला, असंच मला वाटलं! पण ते मोठ्यानं म्हणाले, "पाहुणं, चहा पाजा. तुमच्या हातचा न्हाई, वहिनींच्या हातचा."

सगळा रस्ता थबकला. त्यांचंच एक जुनं गिऱ्हाईक समोरून ओरडलं, "आप्पा, ती बाई आत्ता उठलीया दुखण्यातनं! तिथं प्यालात तर आम्ही तुमच्याकडं बी येणार न्हाई!"

"नगा येऊ," आप्पा म्हणाले.

मार्था कपबशी घेऊन बाहेर आली. आप्पांनी चहा बशीत ओतला, भुरका मारला... आणि तोंड वाकडं करून गरजले, "साखर कुठं हाय? ह्यो चहा हाय का काढा?" कुणीतरी फिस्सकन हसलं. आप्पा त्याच्याकडं वळले, "खोटं वाटत आसंल तर पिऊन बघा!" लोको शेडचा एकजण खरंच पुढं आला, मग दुसरा. त्या ओरडणाऱ्यानं मात्र शब्द पाळला, तो आणि त्याचे सोबती आप्पांची पायरी पुन्हा चढले नाहीत. मी एकदा तो विषय काढला तर आप्पा म्हणाले, "बरं झालं, बाकावर पाय पसरून बसता येतं."

त्या दिवशी भांडी घासताना मार्था मला म्हणाली, "साखर बरोबर होती हो. मी चाखली होती." पुढं रोज सकाळी आप्पा यायचे, तिच्या हातचा चहा प्यायचे आणि तीच आरोळी ठोकायचे.

तेरावा झाल्यावर नामदेवानं फळ्या काढल्या. मी आणि मार्था रस्ता ओलांडून गेलो. पोरानं गल्ल्यावरनं उठून आमच्यापुढं चहा ठेवला. गोड होता, चांगला होता. आता ओरडायचं म्हणून मी तोंड उघडलं, तेवढ्यात खोकल्याखेरीज जिचा आवाज या रस्त्यानं कधी ऐकला नव्हता त्या मार्थानं बशी खाली ठेवली आणि ती खणखणीत ओरडली, "नामदेवा, साखर कुठं हाय?"