गवत्यांचं नवं आडनाव

आमचं आडनाव गवते. त्यात लपवण्यासारखं काय होतं, हे मला म्हातारपणीही कळलेलं नाही. पन्हाळ्यावर पागा होती, पागेत घोडी होती आणि घोड्यांना गवत लागायचं. ते ज्यांनी कापलं आणि डोक्यावरून वाहून नेलं, ते गवते. झालं! यापेक्षा सरळ आडनाव उभ्या कोल्हापुरात दाखवा मला.

पागेचं गवत काही एकाच जातीनं कापलं नव्हतं. त्यामुळं गवते सगळीकडं सापडायचे. आमच्या गल्लीत आम्ही मराठे गवते. पलीकडच्या गल्लीत टांगा हाकणारं मुसलमानाचं घर होतं, तेही गवतेच. त्यांच्याकडं ईदेला शिरखुर्मा झाला की वर झाकण घालून पहिली वाटी आमच्याकडं यायची. पन्हाळ्याच्या वाटेवरच्या दोन-तीन गावांत महारवाड्यातही गवते होते. कुणी कुतूहलानं विचारलंच, तर आमचे आबा, म्हणजे माझे वडील, हसून म्हणायचे, "एका विळ्याची माणसं की ही सगळी."

आबांची शाहूपुरीत वैरणीची वखार होती. गुळाच्या गाड्या घेऊन आलेले बैल आमच्याच कडब्यावर रात्र काढायचे. त्याच कडब्यावर माझे धाकटे चुलते शिकले. त्यांना आम्ही तात्या म्हणायचो. तात्या कचेरीत लागले, कोट घालू लागले, आणि वखारीसमोरून जाताना नाकाला रुमाल लावू लागले. ज्या वासानं त्यांची फी भरली, तो वास त्यांना सोसेना.

महाराजांचं राज्य होतं आणि वेदोक्ताचा वाद पेटलेला होता. मराठ्याच्या घरी भटजीनं कुठले मंत्र म्हणायचे, यावरून ओट्याओट्यावर आवाज चढायचे. महाराज भांडत होते ते माणसाला माणूस म्हणावं म्हणून. आमच्या तात्यांनी त्यातून काय उचललं? तर आपण अस्सल क्षत्रिय, आणि क्षत्रियाचं आडनाव गवते कसं असेल? टांगेवाल्याचं जे, महारवाड्यातलं जे, तेच आपलं, हे त्यांच्या घशाखाली उतरेना. मग त्यांनी एक मोठं, राजघराण्याशी नातं सांगणारं कूळ निवडलं. दुकानातून फेटा निवडावा तसं. ते आडनाव मी इथं लिहीत नाही. ते लावणारी भली घरं कोल्हापुरात पुष्कळ आहेत, त्यांचा यात काय दोष?

आडनाव निवडलं, पण कुणी मानायला तर हवं. त्यासाठी तात्यांनी हेळव्याला बोलावलं. हेळवी म्हणजे वंशावळ सांगणारा. सुगी झाली की कानडी मुलखाकडून बैलावर बसून यायचा, दारात उभं राहून आमच्या सात-आठ पिढ्या एका दमात म्हणायचा, आणि सूपभर जोंधळे घेऊन पुढच्या दारी जायचा. तो म्हणेल तो वंश. त्याच्या शब्दाला पंचसुद्धा मान द्यायचे. त्या वर्षी तात्यांनी त्याला सुगीची वाट न बघता दसऱ्याच्या मागोमाग आणवला. बैलाला झूल आणि अंगाला जरीची शाल. काय म्हणायचं ते आधीच ठरलेलं होतं.

याच सुमाराला माझ्या थोरल्या बहिणीचं, आक्काचं लग्न ठरलं होतं. नृसिंहवाडीला दत्ताच्या दर्शनाला आई-आबा आणि आम्ही दोघी गेलो, तिथं घाटावर शिरोळकडच्या एका पाटलांच्या घरानं आक्काला बघितली. मुलगा आईची ओली धुणी खांद्यावर टाकून घाटाच्या पायऱ्या चढत होता. मर्दाला याची लाज वाटायला हवी, असं तेव्हा सगळे समजायचे. त्याला नव्हती. आक्काला तेवढं पुरलं. परतीच्या गाडीत तिनं माझ्या कानात सांगितलं, "ह्यो माणूस मला पायजे." आम्हा मुलींना तेव्हा असं बोलायची मुभा नव्हती. ती बोलली.

मोठ्यांनी रीतीप्रमाणं देवक विचारून घेतलं. देवक म्हणजे कुळाचं झाड. दोन्हीकडं एकच झाड निघालं तर मुलगा-मुलगी भाऊबहीण, लग्न नाही. त्यांचा कळंब होता, आमचा उंबर. प्रश्न मिटला. पाटलांनी आक्काला कुंकू लावलं आणि हिरवी साडी दिली. पाटील हे नुसतं गावकीचं नाव. त्याच्या खाली त्यांचं कूळ कुठलं, हे ना आबांनी विचारलं, ना वाडीला न आलेल्या तात्यांनी. 'पाटील' ऐकूनच तात्या खूश झाले. शिरोळकडं दगड मारला तर पाटलालाच लागतो, हे ते विसरले.

सुपारी फोडायला पाटील मंडळी आमच्या घरी आली. तात्यांनी कचेरीतले चार बडे लोकही जेवायला बोलावले होते. आम्ही बायका दाराआडून बघत होतो. आक्का हिरव्या साडीत माझ्याजवळ उभी होती. सुपारी फोडायच्या आधी तात्या उठले आणि म्हणाले, "आमचा वंश ऐकून घ्या पावणं, म्हणजे सोयरीक कुणाशी होतीया ते कळंल."

हेळव्यानं घंटा वाजवली आणि सुरू केलं. गवत नाही, विळा नाही, पन्हाळ्याची पागा नाही. कुठल्या तरी उत्तरेकडच्या राजापासून धरून त्यानं आमचे आजे-पणजे सरदार करून टाकले. बडे लोक माना डोलावत होते. शेवटी त्यानं नवं कूळ सांगितलं, आणि त्या कुळाचं देवकही सांगितलं. कळंब.

आबांचा चेहरा राखेसारखा झाला. त्यांना कळलं होतं. पाटलांचं देवक कधी न विचारलेले तात्या अजून हसतच होते. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

मुलाच्या वडिलांनी हातातला विडा खाली ठेवला. "पावणं," ते म्हणाले, "ह्ये तर आमचंच कूळ. कळंबाला कळंब चालत न्हाय. मग तर तुमची पोरगी आमची लेक झाली की!"

तात्यांचं हसू तेव्हा गेलं. पण माघार कशी घेणार? समोर कचेरीतले लोक बसलेले. हेळवी खोटं बोलला म्हणायचं, तर त्याला बोलायला कुणी लावलं तेही सांगावं लागलं असतं. मुलाचे वडील काही खुळे नव्हते. त्यांनी तात्यांना विचारलंच नाही. ते आबांकडं वळले. "दादा, वाडीला तुम्ही उंबर सांगिटला हुता. तुम्ही थोरलं. तुम्ही सांगा. ह्यो म्हणतोय ते खरं हाय का?"

एक शब्द हवा होता. "न्हाय." आम्ही गवते, आमचा उंबर, हा माझा भाऊ खुळावलाय. एवढं म्हटलं असतं तर चार बडे लोक गालात हसले असते, तात्यांचं नाक खाली झालं असतं आणि आक्का नदीकाठच्या त्या घरी गेली असती. बाजारात अख्ख्या गुळाच्या पेठेशी भांडणारे आबा. त्यांनी आधी तात्यांकडं बघितलं, मग जमिनीकडं. म्हणाले, "हेळवी खोटं कशाला बोलंल?"

तात्यांचा मला राग आहेच. पण तात्या पोकळ माणूस होता, नाव मोठं लक्षण खोटं. आबांचा राग अजून माझ्या हाडांत आहे. त्यांना खरं माहीत होतं, आणि ते मूग गिळून बसले. का? तर शिकलेल्या भावाचा मान राहावा म्हणून. मुलीच्या जन्माचं काय, तो तर जातोच कुठंतरी. आणि यातली सगळ्यांत संतापाची गोष्ट ऐका. जे आडनाव घरात यावं म्हणून हा सगळा तमाशा मांडला, ते आक्काला लग्नानं आपसूक मिळणारच होतं, खरंखुरं, राजरोस. तात्यांनी ते चोरून तिला दिलं आणि तिच्या हातातलं काढून घेतलं. पुढच्या वर्षी तिला आजऱ्याकडं दोन लेकरांच्या बिजवराला दिली. नवं आडनाव तिच्या अंगावर वर्षभरसुद्धा राहिलं नाही. बाईला आडनाव असतंच किती!

हिरवी साडी परत पाठवली तर पाटलांनी घेतली नाही. "सून म्हणून दिलं, आता लेक म्हणून ऱ्हाऊ दे," असा निरोप आला. आणि त्याच दिवाळीत भाऊबीजेला त्यांनी मुलाला आमच्याकडं धाडलं. मोठेपणा होता की आमच्या तोंडावर मारलेली चपराक, मला ठाऊक नाही. दोन्ही असेल. पाटलांच्या घराशी भावकी जुळली म्हणून तात्यांनी मात्र पाट मांडायला स्वतः सांगितलं.

मुलगा पाटावर बसला. खाली मान घालून. आई स्वयंपाकघरातून बाहेर आलीच नाही. आक्का तीच हिरवी साडी नेसून ताट घेऊन आली. निरांजन पेटलेलं होतं. ती त्याच्यासमोर उभी राहिली, पण ओवाळेना. मग वळून आबांना म्हणाली, "आबा, एकदाच सांगा. ह्ये माझं भाऊ हाईत का?"

मुलानं मान वर केली. तोही आबांकडं बघत होता. मला वाटलं, आता. आता तरी बोलतील.

"व्हय," आबा म्हणाले. "ओवाळ."

तिनं ओवाळलं.