कोपऱ्यातला बाण

माझ्या आत्याला गल्लीत टकटकबाई म्हणत. आधी ती एका संस्थेत टायपिंग शिकवायची, म्हणून टकटक. पुढे संस्थेतले टाइपरायटर जाऊन कॉम्प्युटर आले, टकटक बंद पडली, पण नाव काही बदललं नाही. एकदा चिकटलेलं नाव आणि एकदा घरात राहिलेली बहीण सुटत नाही, असं माझे बाबा तिच्या तोंडावर म्हणत आणि हसत. आत्याही हसायची. मला त्या हसण्याचा तेव्हाही राग यायचा आणि अजूनही येतो.

आत्याने लग्न केलं नाही. आमच्या घराची रस्त्याकडची खोली तिची. एक कॉट, एक लोखंडी कपाट, खिडकीखाली टेबल. टाइपरायटर मोडीत निघाले तेव्हा संस्थेच्या मालकांनी तिला विचारलं, बाई, हे नवीन शिकाल का? पन्नाशीला टेकलेली बाई. तिने जाडजूड पुस्तकं आणली, ती तिला समजेनात, ती रडली, डोळे पुसून पुन्हा वाचायला बसली. आणि समजल्यावर तिने ठरवलं की आपल्याला जे रडून समजलं ते दुसऱ्याला न रडता समजलं पाहिजे. बाबा म्हणाले, वासरांत लंगडी गाय शहाणी. संस्थेत येणारे सगळे नवखेच असत, त्यामुळे म्हण तशी चुकीची नव्हती. सूर चुकीचा होता.

तिची शिकवायची रीत तिचीच होती. पहिल्या दिवशी कॉम्प्युटर सुरूच करायचा नाही. टेबलावर एक मेलेला कॉम्प्युटर ठेवलेला असे. स्क्रू काढायचे, बाजूचा पत्रा उघडायचा आणि आतली एकेक वस्तू हातोहात फिरवायची. निवृत्त पोस्टमन, दवाखान्यातली नर्स, किराणा दुकानदार, कुणीही असो, प्रत्येकाने ती धरून बघायची. कुणी हात मागे घेतला तर आत्या म्हणायची, धरा, चावत नाही. ज्या वस्तूची भीती वाटते तिचं पोट आधी उघडून बघावं, असं तिचं मत होतं.

मग ती घर सांगायची. "हातात धरता येतं, पुसता येतं, पडलं तर फुटतं, ते हार्डवेअर. आमच्या घरी ओटा आहे, कोठीची खोली आहे, भांडी आहेत, वहिनीचे दोन हात आहेत. आता स्वयंपाक कसा करायचा हे वहिनीच्या डोक्यात आहे. ते हातात धरता येत नाही. ते सॉफ्टवेअर. वहिनी माहेरी गेली की ओटा जागेवर असतो, कोठी भरलेली असते, आणि घर उपाशी राहतं."

इथे वर्ग हसायचा. मग पुढचं सोपं जायचं. वहिनीचे हात म्हणजे प्रोसेसर, एका वेळी एकच काम करणारे, पण इतके भराभर की सगळी कामं एकदम चालल्यासारखी वाटावीत. ते हात तापतात म्हणून डब्यात पंखा. ओटा म्हणजे रॅम, समोरचं काम मांडायची जागा. तो जेवढा मोठा तेवढा पसारा मांडता येतो. पण वीज गेली की ओटा साफ. कोठी म्हणजे हार्ड डिस्क, तिथे ठेवलेलं राहतं. आणि सेव्ह करणं म्हणजे ओट्यावरचं उचलून कोठीत नेऊन ठेवणं. न ठेवता दिवा मालवलात तर रडायचं नाही.

ही वहिनी म्हणजे माझी आई. तिला हे कळलं तेव्हा ती म्हणाली, जन्मात ओट्याला हात लावला नाही आणि उदाहरणं मात्र सगळी ओट्याची. तेही खरंच होतं. आईने तिला ओट्याजवळ फिरकू दिलं नव्हतं, हे मात्र आई सांगत नसे.

असे तिचे पुष्कळ धडे झाले. वर्षानुवर्षं दुपारच्या रिकाम्या वेळात ती ते वर्गातल्या कॉम्प्युटरवर लिहायची, चित्रं माउसने काढायची. माउसने सरळ रेघ ओढून बघा, म्हणजे तिने काय केलं ते कळेल. ओटा, कोठी, तापलेले हात, सगळं तिने काढलं होतं. एखादा विद्यार्थी अडला की घरी येऊन ती तो धडा मनात दुरुस्त करायची आणि दुसऱ्या दिवशी पडद्यावर. तिच्या आयुष्यात तिचं म्हणावं असं एवढंच होतं, आणि ती ते बोलूनही दाखवायची.

हे धडे 'ओळख' नावाच्या फोल्डरमध्ये होते. दुरुस्तीवाल्याने कधीतरी येऊन तिच्या पडद्यावर त्याचं चित्र आणून ठेवलं होतं. ते उघडायचं, आत लिहायचं, बंद करायचं. त्या चित्राच्या खालच्या कोपऱ्यात एक छोटा वाकडा बाण होता. पोस्टमनकाकांनी एकदा विचारलं, बाई, हा कोपऱ्यातला बाण कशाचा? पत्त्यांवर उभा जन्म काढलेला माणूस, बारीक खुणा त्याला दिसायच्या.

"असतो तो," आत्या म्हणाली. "त्याच्याकडे लक्ष देऊ नका."

मालक थकले आणि चिरंजीव आले. एकुलते एक, बापाने कौतुकाने शिकवलेले, बाहेरून पदवी घेऊन परतलेले. बापाने उभी केलेली संस्था, आत्याने जमवलेले विद्यार्थी, आणि आयत्या बिळावर हे नागोबा. बोलणं मात्र लोण्यासारखं. त्यांनी आत्याला बसवलं, चहा मागवला आणि सांगितलं की आता जमाना बदलला, पोट उघडून दाखवायला वेळ कुणाला आहे, पुढच्या महिन्यापासून बाईंनी विश्रांती घ्यावी. वर्गातले कॉम्प्युटर भंगारात जाणार आहेत, तेव्हा तुमचं काही असेल तर शनिवारी दुपारी काढून न्या. आत्याने चहा संपवला. उष्टा टाकणं तिला आवडत नसे.

घरी येऊन ती म्हणाली की आता मी या खोलीतच वर्ग घेणार. कॉट भिंतीला सरकवायची, टेबलावर एक जुना कॉम्प्युटर, आणि धडे तर तयारच आहेत. बाबांनी हो म्हणायला आठवडा लावला. आईने विचारलं, येणाऱ्यांच्या चपला कुठे राहणार? शेवटी खिडकीवर पाटी लागली, कॉम्प्युटरची ओळख. समोरच्या शिवणकामवाल्या काकूंनी पहिलं नाव दिलं. त्यांना कपड्यांचे नमुने कॉम्प्युटरवर ठेवायचे होते. आत्या इतकी खूश मी कधी पाहिली नव्हती.

शनिवारी मी तिच्याबरोबर गेले. तिने नवा पेन ड्राइव्ह लाल दोरीत ओवून गळ्यात घातला होता. ती कॉम्प्युटरसमोर बसली, 'ओळख' उचललं आणि पेन ड्राइव्हवर सोडलं. डोळ्याचं पातं लवायच्या आत झालंसुद्धा. नवे पेन ड्राइव्ह किती चपळ असतात बघ, म्हणून तिने मला कौतुकाने सांगितलं. पण नुसत्या चपळाईवर ती विसंबणारी नव्हती. डोळ्यांनी बघितल्याशिवाय झालं म्हणू नये, हे तीच शिकवायची. तिने पेन ड्राइव्हवरचं 'ओळख' उघडलं. सगळे धडे आत होते. तिने पहिला उघडला, मधला उघडला, शेवटचा उघडला. ओटा होता, कोठी होती, हात होते. मग तिने पेन ड्राइव्ह पुन्हा गळ्यात घातला आणि त्या मेलेल्या कॉम्प्युटरचा डबा मागून घेतला. तो चिरंजीवांनी उदार मनाने दिला. सोमवारी बाकीचे भंगारवाल्याच्या गाडीत गेले.

घरचा कॉम्प्युटर यायला आणखी काही दिवस लागले. तो आला, जोडला, आम्ही सगळे मागे उभे राहिलो. आत्याने 'ओळख' उघडलं. पडद्यावर आलं की हे ज्या जागेकडे नेतं ती जागा सापडत नाही. तिने पुन्हा उघडलं. बंद करून चालू केलं. पेन ड्राइव्ह काढून पदराला पुसला आणि परत घातला. बाबा म्हणाले, नवीन होता ना? आत्याची मान लाल झाली होती.

संस्थेत यायचा तोच दुरुस्तीवाला आला. त्याने एकदाच बघितलं आणि म्हणाला, बाई, हा शॉर्टकट आहे. धडे तुमच्या कॉम्प्युटरमध्ये कधी नव्हतेच. जपून राहावेत म्हणून मीच ते मालकांच्या आतल्या खोलीतल्या मोठ्या कॉम्प्युटरमध्ये ठेवले होते आणि तुमच्या पडद्यावर तिकडे नेणारी खूण करून दिली होती. तिथे बसून उघडलंत म्हणून उघडलं, कारण तिथून तिकडे वायर होती. हा बघा बाण.

आत्याने पडद्यावरच्या त्या बाणावर बोट टेकवलं. मग सावकाश म्हणाली, "म्हणजे मी कोठीतलं सामान आणलंच नाही. सामान कोठीत आहे, अशी भिंतीवरची चिठ्ठी तेवढी उचलून आणली."

"अगदी तसंच," दुरुस्तीवाला म्हणाला. त्या स्थितीतही तिला उदाहरण सुचलं याचं मला रडू आलं. आई दारातून म्हणाली, लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. आईला मी त्या दिवशी उलटून बोलले, आणि जे बोलले त्याचं मला आजही वाईट वाटत नाही.

पण एक आशा होती. भंगारात गेले ते वर्गातले. आतल्या खोलीतला मोठा कॉम्प्युटर तिथेच होता. दुसऱ्या दिवशी आत्या आणि मी संस्थेत गेलो. चिरंजीवांनी पुन्हा चहा मागवला. ऐकून घेतलं, हळहळले. म्हणाले, बाई, दोन दिवस आधी आला असतात तर. आतला कॉम्प्युटर आम्ही पूर्ण पुसून नव्याने भरला. काहीच उरलं नाही हो.

मला त्यांच्या चेहऱ्यावरून शंका आली. आत्याला आली नाही. पुसलेली डिस्क म्हणजे रिकामी केलेली कोठी, असं होऊ शकतं हे तिला माहीत होतं. माणूस खोटं बोलू शकतो हे तिच्या धड्यांत नव्हतं. तिने त्यांचे आभार मानले. आभार! गरज सरो, वैद्य मरो, आणि वैद्याने जाताना हात जोडायचे.

मग ती आठवून लिहू लागली. शब्द आठवत होते, पण कुणाच्या कोणत्या प्रश्नावर कुठली ओळ बदलली होती ते आठवेना. चित्रं तर जमेनातच, माउस आता हाताला ऐकेना. लिहायचं आणि खोडायचं चाललं. काकूंना तिने दोनदा पुढची तारीख दिली. तिसऱ्यांदा काकू आल्या नाहीत. संस्थेत जातात असं कळलं. तिथे सर्टिफिकेट मिळतं, शिवाय पुस्तकही देतात.

काकूंच्या मनात कपट नव्हतं. असतं तर त्या ते पुस्तक घेऊन आमच्याकडे आल्याच नसत्या. एका संध्याकाळी आल्या, आत्याच्या कॉटवर बसल्या आणि म्हणाल्या, "बाई, रागावू नका, पण हे वाचाच. इतकं सोपं लिहिलंय सरांनी. तुम्हाला तुमच्या वर्गाला उपयोगी पडेल."

चकचकीत कव्हर, त्यावर चिरंजीवांचं नाव आणि पदवी. काकूंनी पान उघडून मोठ्याने वाचायला सुरुवात केली. हातात धरता येतं, पुसता येतं, पडलं तर फुटतं. आत्या खाली बघत होती. काकू वाचत गेल्या. वहिनी माहेरी गेली की ओटा जागेवर असतो, कोठी भरलेली असते, आणि घर उपाशी राहतं.

स्वयंपाकघरातून आई बाहेर आली. हात ओले, तसेच. दारात उभं राहून तिने ऐकलं आणि म्हणाली, "ही तर मी आहे."

"तुम्ही कशा असाल?" काकू हसल्या. "सरांच्या वहिनी असतील."

"एकुलत्या एकाला वहिनी कुठून आली?" आई म्हणाली. काकू पुस्तकाकडे बघायला लागल्या. त्यांना काही कळलं नाही, किंवा कळलं आणि अवघड झालं. आई आत्याकडे वळली, काहीतरी बोलणार होती, पण जन्मभर टोमणे मारलेल्या तोंडाला एकदम दुसरं काही बोलता येत नाही. तिने ओले हात पदराला पुसले.

आत्याने पुस्तक हातात घेतलं आणि शांतपणे सगळी पानं उलटली. तिने माउसने काढलेला ओटा होता, त्याची एक रेघ वाकडी होती, ती तशीच छापली होती. ती शेवटपर्यंत गेली, पुन्हा मागे आली. मग पुस्तक मिटून तिने काकूंना परत दिलं. "शॉर्टकटचं काही नाही यात," ती मला म्हणाली. "मी कधी लिहिलंच नव्हतं."

काकूंना विषय बदलायला बरं वाटलं. "बरं झालं आठवलं," त्या म्हणाल्या. "माझे सगळे नमुने मी आता तिथल्या कॉम्प्युटरवर ठेवलेत. कोर्स संपला की घरी न्यायचे. त्या फोल्डरच्या चित्राच्या कोपऱ्यात एक वाकडा बाण आहे. सरांना विचारलं तर म्हणाले, असतो तो. कशाचा हो तो, बाई?"

मी सांगायला तोंड उघडलं. आत्याने माझ्याकडे बघितलं, आणि मी ते मिटलं.

"तुमच्या सरांना पुन्हा विचारा," आत्या म्हणाली. "पुस्तक त्यांचं आहे."

काकू गेल्या. आत्याने कपाटावरून तो मेलेला कॉम्प्युटर काढला, टेबलावर ठेवला आणि फडक्याने पुसायला घेतला. उत्तर माहीत असताना तिने शिकणाऱ्याला रिकाम्या हाताने परत पाठवलेलं मी एवढं एकदाच पाहिलं.